मशीन बंद कर

साहेब, त्या बाईला तुम्ही दोषी ठरवलंत आणि त्यासाठी तुम्हाला एक शब्द पुरला. चार पानांचा अहवाल, खाली तुमची झोकदार सही, सहीवर शिक्का, आणि या सगळ्या डोलाऱ्याच्या तळाशी तो एकच शब्द: मशीन. तुम्ही कधी त्या धुलाईखान्याची पायरी उतरला नाहीत. तेव्हा आता जरा ऐका, खाली तो शब्द कसा चालतो.

धुलाईखाना हॉस्पिटलच्या तळघरात आहे. तिथे ड्रमला ड्रम म्हणतात, ड्रायरला ड्रायर म्हणतात. पण नुसतं मशीन म्हटलं की तो लांबलचक गरम रोलर. ओली चादर अलीकडून आत घेतो आणि पलीकडून कडक, कोरडी बाहेर टाकतो. अलीकडे दोन बायका, दोघींच्या हातात चादरीचं एकेक टोक. बाई त्या रोलरवर एकोणीस वर्षं उभी होती. ड्रमांच्या गडगडाटात तिचे कान गेले, तेही एकदम नाही गेले. आधी खिडकीतल्या चिमण्या गेल्या, मग दारावरची बेल, मग बायकांची कुजबुज, मग नवरा. म्हणजे नवऱ्याचा आवाज. त्याचं फार वाईट वाटलं नाही, असं ती स्वतःच सांगायची आणि पहिली हसायची.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या ऑफिसने सगळ्यांचे कान तपासले. बाई नापास. मग तिला कानामागे लावायची दोन यंत्रं मिळाली आणि बरोबर एक कागद: कामाच्या पूर्ण वेळेत श्रवणयंत्र कानाला असणे सक्तीचे, अन्यथा कर्मचारी कामास अपात्र. मुकादमाने तो कागद सगळ्यांपुढे वाचला. 'श्रवणयंत्र' म्हणताना त्याची जीभ दोनदा घसरली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ते मशीन गं, कानाचं." पुढच्या आठवड्यात 'कानाचं'ही गळून पडलं. खाली मशीनं दोन झाली आणि नाव एकच राहिलं. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कानाची डॉक्टरीण पोरसवदा होती, पण समोर बघून, सावकाश बोलायची. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. झोपताना सेलचं दार उघडं टाकायचं आणि यंत्रं दाण्यांच्या डबीत ठेवायची. केशरी दाणे ओल पिऊन हिरवे पडले की बदलायचे. कानात बसतो तो साचा नळीसकट सुटा करून कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, यंत्राला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. नळीत पाणी साठलं तर या रबरी फुग्याने फुंकून काढायचं. नळी पिवळी पडून कडक झाली की लगेच बदलायची, नाहीतर साचा सैल बसतो, आवाज बाहेर निसटतो आणि यंत्र शिट्टी मारतं.

"काम काय करता, मावशी?"

"वाफेत उभी असते."

डॉक्टरिणीचं पेन थांबलं. "मग तासातासाला काढून पुसावं लागेल. जमेल?"

"जमवते की."

बाईने ती यंत्रं जीव लावून सांभाळली. ओल म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती; आयुष्य ओल वाळवण्यातच गेलं होतं. घरी फडताळावर त्या डबीला कोणी हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता. नवऱ्याने एकदा डबी उघडून बघितली तर ती म्हणाली, "माझे कान आहेत त्यात, झाकण लाव." दोन वर्षांत एक यंत्र पडलं नाही की भिजलं नाही.

पण धुलाईखान्यात तासाभराने तिने यंत्र काढलं की मुकादम हजर.

"कागदावर काय लिहिलंय?"

"पाणी काढते आहे नळीतलं. मिनिटभर."

"पूर्ण वेळ लिहिलंय. मिनिट सोडून असं नाही लिहिलेलं. परत काढलेलं दिसलं तर अपात्र म्हणून वर कळवीन."

दुसरा नियम डोक्याला फडकं बांधायचा होता, कानावरून घट्ट. कान झाकला की ते यंत्र शिट्टी मारणारच, हे कोणत्याही पोराला सांगता आलं असतं. त्यात नळ्या कडक झाल्या. बाईने नवीन नळ्या मागितल्या. भांडारातला कारकून म्हणाला, साहेबांच्या सहीची चिठ्ठी आण. अर्ज वर गेला. महिना झाला, दुसरा अर्ज गेला. मग तिसरा. चार महिने, साहेब. बोटभर लांबीची प्लॅस्टिकची नळी. तुमच्या टेबलावरच्या काचेखाली मावली असती.

त्या चार महिन्यांत बाईचं नाव शिट्टी पडलं.

"आली बघा शिट्टी."

"शिट्टी, तुझी गाडी सुटली का गं?"

ती हसून सोडून द्यायची. करणार काय? चादर पुढे सरकवायला वाकली की यंत्र चीं करायचं. रोलरशी उभ्या बायका वैतागायच्या, कारण तो आवाज दातात घुसतो. मग मुकादम लांबूनच ओरडायचा, "शिट्टी, मशीन बंद कर." बाई चादरीचं टोक डाव्या हातात धरून उजव्या हाताची करंगळी फडक्याखाली घालायची, नखाने सेलचं दार उघडायची. टक. शांत. पाचेक मिनिटांनी दार परत लावायची. दिवसातून दहा-बारा वेळा. मुकादम म्हणायचा, बायका म्हणायच्या, शेवटी शेवटी सगळ्या मिळून गाण्यासारखं म्हणायच्या, मशीन बंद कर, मशीन बंद कर. ज्याने काढायला बंदी घातली तोच बंद करायला सांगायचा, आणि यात कोणाला काही वेडंवाकडं दिसत नव्हतं. चार महिन्यांत बाईच्या हाताला वळण पडलं. शब्द कानात शिरला की करंगळी वर जायची. मधे डोकं लागायचं नाही.

एक धाकटी जाऊ तेवढी ते गाणं म्हणायची नाही. तिला बाईनेच शब्द टाकून कामाला लावलं होतं. रोलरवर ती बाईच्या डाव्या अंगाला उभी असायची. मुकादमाची पाठ वळली की म्हणायची, "ताई, दे इकडे," आणि स्वतःच्या अंगाआड धरून नळीतलं पाणी फुंकून काढायची. घरी दोघींचं भांड्याला भांडं लागायचं. खाली मात्र धाकटीचा तिच्यावर जीव होता.

त्या दिवशी दुपारच्या आधी चादरींचा ढीग जास्त होता. बाईचा डावा कान पाणी साठून बंदच झाला होता आणि धाकटीला फुंकायला सवड झाली नव्हती. उजवा चालू होता. रोलरपुढे एक आडवी दांडी असते, हाताचा धक्का लागला की रोलर जागीच थांबतो. ती दांडी तारेने बांधून ठेवलेली होती, कारण जाड चादरींचाही तिला धक्का लागायचा आणि काम अडायचं. तार कोणी बांधली, हे तुमच्या चार पानांत कुठे नाही. मग उरलं लाल बटण. ते बाईच्या उजव्या हाताला, हात लांब केला की लागेल इतकं जवळ.

चादरीची शिवण धाकटीच्या बोटांत अडकली. चादर पुढे गेली, बोटंही चादरीबरोबर निघाली.

धाकटी ओरडली, "ताई, मशीन बंद कर."

बाईने ऐकलं. उजव्या कानाने स्वच्छ ऐकलं. आणि तिचा उजवा हात वर गेला, फडक्याखाली शिरला, करंगळीच्या नखाने सेलचं दार उघडलं.

टक. शांत.

त्या शांततेत बाईच्या मनात एवढंच आलं की आता हीसुद्धा असं म्हणायला लागली. तिला वाईट वाटलं. तिने मान वळवून बघितलं तर धाकटीचं तोंड उघडं होतं, आणि क्षणभर तिला वाटलं, हसते आहे. मग तिने खाली बघितलं.

बटण तिनेच दाबलं, दुसऱ्या कोणी नाही. पण तोवर तीन बोटं गेली होती. धाकटीची किंकाळी वर तिसऱ्या मजल्यावर रोग्यांना ऐकू गेली म्हणतात. बायका अजून त्या किंकाळीबद्दल बोलतात. तिच्यापासून हातभर उभ्या असलेल्या बाईला ती ऐकूच आली नाही.

आठव्या दिवशी चौकशी. आदल्या संध्याकाळी नवरा बाईला समोर बसवून, ओठ हलताना दिसतील असा म्हणाला, "सांग, ऐकू आलं नाही. बहिऱ्याला कोण काय करणार?"

"आणि ती ओरडली त्याचं काय? ओरडलीच नाही म्हणू?"

"तसं कोण म्हणतंय?"

"त्याचा अर्थ तोच होतो."

नवरा उठून गेला.

तुमच्या खोलीत पंखा होता, पडदे होते. तुम्ही टेबलामागे, शेजारी लिहून घेणारा कारकून, भिंतीशी मुकादम. बाई उभी. तुम्ही कागदावरचे प्रश्न वाचलेत.

"श्रवणयंत्र कानाला होतं?"

"होतं."

"चालू होतं?"

"उजवं होतं. डाव्यात पाणी साठलं होतं, साहेब, नळ्या..."

"चालू होतं. लिहा. जखमी महिला काय ओरडली?"

"ताई, मशीन बंद कर."

"तुम्हाला ऐकू आलं?"

बाईने एकदा मुकादमाकडे बघितलं. तो भिंतीला चिकटला होता. तिला ठाऊक होतं, नाही म्हटलं तर अपात्र आणि हो म्हटलं तर दोषी. दोन्हीकडून दार एकाच रस्त्यावर उघडत होतं. मग निदान धाकटीचं ओरडणं तरी खोटं पाडायचं नाही, एवढं तिने ठरवलं.

"आलं."

"मग बंद का नाही केलं?"

"केलं."

"काय केलं?"

"मशीन बंद केलं." आणि तिने करंगळी कानामागे नेली आणि तुम्हाला दाखवलं कसं.

कारकून फिसकन हसला. मुकादमाने मान खाली घातली. तुम्ही हसला नाहीत, साहेब. तुम्ही तिच्या कानाकडे बघितलंत, मग मुकादमाकडे बघितलंत, मग टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातल्या अर्जांच्या फायलींकडे, आणि कारकुनाला म्हणालात, "हे लिहू नका."

अहवाल बाहेर आला तेव्हा त्यात दोन वेगळे शब्द होते. 'श्रवणयंत्र सुस्थितीत व चालू होते. मशीन बंद करण्याची सूचना स्पष्टपणे ऐकूनही सदर कर्मचाऱ्याने मशीन बंद केले नाही.' वर ऑफिसात दोन शब्द आहेत, खाली धुलाईखान्यात एक. तुम्ही खालच्या एका शब्दाचं वरच्या दोन शब्दांत भाषांतर केलंत आणि त्या दोघांच्या फटीत एक बाई ढकलून दिलीत. सगळं खापर एका करंगळीवर फोडून मोकळे झालात.

तिला कामावरून काढलं. यंत्रं ऑफिसची, परत द्या म्हणाले. ती शेवटचे पाच दिवस ती कानाला लावून घरात बसली, काही खास ऐकायला नाही, नळाचं पाणी, दाराची कडी, असंच. मग साचे धुऊन, नळ्या फुंकून, यंत्रं पुसून डबीत घातली आणि भांडारात नेऊन दिली. डबीत ताजे केशरी दाणे भरले होते. कारकुनाने साचे उपटून कचऱ्याच्या बादलीत टाकले.

"ते कोणाच्या कानात बसणार? तुझ्याच कानाचे होते," तो म्हणाला. तिला ऐकू आलं नाही, पण बादली दिसली. यंत्रं ठेवायला त्याने खण उघडला. खणात नळ्यांचं पाकीट होतं. सीलबंद. बाईने ते बघितलं, कारकुनाने तिला बघताना बघितलं, आणि खण लावून टाकला.

धाकटी हॉस्पिटलातून घरी आली. आता ती बाईशी बोलत नाही. बाई ओठ वाचते हे तिला माहीत आहे, म्हणून तिच्यापुढे काही बोलायचं झालं तर पाठ करून बोलते. पहिल्या दिवशी बाई तिच्यापुढे ताट ठेवायला गेली. तिने डाव्या हाताने ताट सरकवलं, भिंतीकडे तोंड केलं आणि आपल्या नवऱ्याला म्हणाली, "तिला ऐकू आलं होतं. साहेबांनी लिहिलंय."

 बाईचा नवरा पेपर वाचत राहिला. बाई त्या पाठीकडे बघत उभी राहिली. मग तिने सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं, कोणी सांगेल का म्हणून. कोणी सांगितलं नाही. ज्या पोरीसाठी ती खरं बोलली, त्या पोरीच्या हातात तुमचा कागद पडला आणि तिने तो खरा मानला. का नाही मानणार? त्यावर शिक्का आहे. बाईच्या करंगळीवर कुठला आलाय शिक्का?

तिने तिथूनच ताट उचललं, स्वयंपाकघरात नेलं, आणि धाकटीला एका हाताने खाता येईल असे घास करून परत आणून ठेवलं. त्याच्यावर धाकटी काय म्हणाली, तेही पाठमोरंच.

तेव्हा साहेब, नोकरीचं नंतर बघू. 'हे लिहू नका' म्हणालात, त्या वेळी तुम्हाला काय समजलं होतं? तुम्हाला समजलं नव्हतं असं सांगू नका. खोलीत तिघेजण होते आणि चौथी बहिरी असली तरी आंधळी नव्हती. जे समजलं, ते तुमच्या हाताने, तुमच्या सहीने कागदावर लिहून त्या घरी पाठवा. धाकट्या जावेच्या नावाने पाठवा. बाईला ऐकू येत नाही, धाकटी ऐकून घेत नाही, पण वाचता दोघींना येतं. उत्तर कधी देता?