भट्टीचा अध्याय

माझी धाकटी बहीण प्रणिता बंगळूरला अंतराळयानं बनवणाऱ्या एका संस्थेत बावीस वर्षं पथकप्रमुख होती. सूर्यापासून फार लांब गेलं की ऊन पुरत नाही. म्हणून यानात छोटी अणुभट्टी बसवायची, तिच्या विजेवर यंत्रं चालवायची आणि यानही पुढे ढकलायचं, हे तिचं काम. दोनदा वरून हुकूम आला की काम गुंडाळा. दोन्ही वेळा तिने साहेबांसमोर कागद मांडून ते पुन्हा सुरू करून घेतलं. जमिनीवरच्या चाचणीत तिची भट्टी जवळजवळ चार महिने अखंड चालली, आणि मग प्रणिता निवृत्त झाली.

पेणला रामवाडीत आमचं माहेर. तिथल्या मंडळाने तिचा सत्कार ठरवला. अध्यक्ष हैबतराव रोह्याला माझ्या घरी येऊन म्हणाले, माहिती लिहून दे. मी पूजा आटोपली आणि पानभर मजकूर सुवाच्य अक्षरात लिहून दिला.

कार्यक्रमाला गेले तेव्हा पत्रिका हातात पडली. ‘अंतराळ खात्यात दीर्घकाळ नोकरी.’ माझ्या पानातलं एवढंच उरलं होतं. खाली धाटावच्या एका कंपनीतले मॅनेजर, त्यांच्यावर आठ ओळी. त्यांना शाल, श्रीफळ, मानपत्र. प्रणिताची नुसती ओटी, तीही मीच भरायची.

हैबतरावांना बाजूला घेऊन विचारलं, तर ते हसले. “अगो हौसा, बायमाणसाच्या नावापुढं भट्टी लिवली तर लोक काय म्हणतील? आपल्याकडं भट्टी म्हंजे कसली, तुला म्हायती नाय व्हय?”

मंडळाचा खजिनदार केरू जवळच होता. पहिल्या धारेची असेल तर आम्हीही सत्काराला थांबतो, असं तो म्हणाला आणि चार पुरुष खो खो हसले.

प्रणिताने ते ऐकलं. “राहू दे ताई,” ती म्हणाली. “मला सवय आहे.”

त्या ‘सवय’ शब्दाने माझं अंग पेटलं. चातुर्मासात कुणाला टाकून बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. पण लिहिलेलं वाचणं म्हणजे काही टाकून बोलणं नव्हे. हैबतरावांच्या खिशातलं माझं पान मी मागून घेतलं.

ओटीसाठी नाव पुकारलं. मी ताट खाली ठेवलं आणि माईकसमोर वाचायला लागले. ‘अणुभट्टी’ म्हटल्याबरोबर हशा पिकला. मी थांबले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पोथी वाचताना मध्ये कुणी बोललं तर मी अध्याय नव्याने धरते, मग इथे वेगळं कशाला करू? दुसऱ्या खेपेला हैबतराव स्वतः उठून आले. पाहुण्यांना जायचंय, आटप, असं कानाशी पुटपुटले.

“दादा, मध्ये बोललात,” मी म्हणाले. “आता परत पहिल्यापासून.”

आवाज माईकवर गेला. या वेळी लोक त्यांना हसले.

तिसऱ्यांदा मांडवात फक्त पंख्यांची घरघर होती. काम बंद पडलं ते वाचलं, पुन्हा सुरू झालं ते वाचलं. चाचणीच्या ओळीवर आले, “एकशे चौदा दिवस...”

“एकशे सतरा.”

प्रणिता खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. “सतरा, ताई. शेवटचे तीन दिवस सगळ्यांत कठीण गेले. ते माझे सोडू नकोस.”

हैबतरावांनी कपाळाला हात लावला. मी पेन मागून आकडा दुरुस्त केला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेले.