मागचं वजन

...फासा सैलच. लाल दोरी, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वळणावळणांची, एका टोकाला मनगटात अडकवायचा कापडी फासा, आणि त्या कापडावर मुरलेल्या घामाचा काळपट पट्टा – तो घाम माझा नव्हे. फासा दादाच्या मनगटाच्या मापाचा. तिला, त्याच्या धाकट्या बहिणीला, तो गाठ मारून आवळून घ्यावा लागायचा. दुसरं टोक क्वाड बाइकच्या हँडलवरच्या बटणात. चालवणारा पडला की दोरी निसटते, इंजिन गप्प होतं, चार चाकांचं ते धूड पडलेल्याच्या अंगावर चालून येत नाही. दोरीशिवाय क्वाड सुरूसुद्धा होत नाही. चांगली सोय आहे. चालवणाऱ्यासाठी. मागे बसणाऱ्याला दोरी नसते, कधीच नव्हती.

रोपांचे क्रेट फाटकापाशी उतरवून झाले होते. तिनं ट्रेलर सोडवला, हात पँटीला पुसले आणि पाण्याच्या टाकीपासून शेडपर्यंतच्या सरळ रस्त्याकडे पाहिलं. त्या रस्त्याच्या मध्यावर, कडेच्या घरात, बाबांची खिडकी. सकाळीच तिनं त्यांची खुर्ची खिडकीशी सरकवून दिली होती, चष्मा पुसून हातात ठेवला होता.

"जरा बाहेर बघत बसा ना आज, बाबा."

"काय बघायचंय? तेच ते."

तेच ते... उद्यापासून तेही नसणार होतं. उद्या दादाचा टेम्पो येऊन क्वाड घेऊन जाणार होता. फोनवर बाबांनीच परस्पर सांगून टाकलं होतं, "ने तू. इथे नुसती पडून असते." पडून! मातीची पोती, खत, रोपं, पाण्याचे पाइप – हे सगळं या रोपवाटिकेत काय आपल्या पायांनी चालत जातं? दादा शहरात गेल्यापासून रोज त्या क्वाडवर तीच, आणि क्वाड पडून. फोन हिसकावून घ्यावासा वाटला होता तिला. तिनं चहा टाकला होता.

"तू मागे बस गं," बाबा म्हणाले होते तेव्हा, ती फ्रॉक घालायची त्या वयात. "पुढचं उचलायला मागे वजन लागतं." आणि ती किती फुशारली होती! वजन होणं म्हणजे काहीतरी पद मिळाल्यासारखं वाटलं होतं. कॅरियरवर बसून ती दादाचा शर्ट मुठीत धरायची, मागे रेलायची, दादा अंगठ्यानं थ्रॉटल दाबायचा, पुढची दोन्ही चाकं हवेत – व्हीली! – आणि बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवायचे. "शाब्बास रे पठ्ठ्या!" पठ्ठ्या एकच होता.

एकदा चाकं जास्तच वर गेली. दादा हँडलला लोंबकळला, दोरी निसटली, इंजिन गप्प. ती मात्र मागच्या मागे, कडक जमिनीवर. बाबा धावत आले... आधी दादाकडे. मग क्वाडकडे, हँडल वाकलं की काय ते बघायला. मग माझ्याकडे. "घट्ट धरायचं ना!" जास्त वेळ बसलं की माकडहाड अजून दुखतं. राग तेव्हा आलाच नव्हता, याचीच आता जास्त चीड येते.

म्हणून तर, बाबांना दुपारची डुलकी लागली की, गेले काही महिने ती शिकत होती. या वयात, गुडघे कटकट वाजत असताना. शिकवायला कुणी नाही. सुरुवातीला कॅरियरवर मातीचं पोतं बांधलं – स्वतःच्या जागी स्वतःच्या हातानं पोतं बांधताना हसूच आलं तिला. मग अर्धं पोतं. मग मोकळं कॅरियर, आणि चाकं वीतभर उठून धपकन खाली, दातांवर दात. अंगठा जास्त दाबला तर भीती, कमी दाबला तर अपमान. पाय सतत मागच्या ब्रेकवर हवा, कारण वर चढलेलं तोंड तोच खाली आणतो. हे हातापायांना शिकवावं लागलं. तोल कुठे असतो ते मात्र शिकावं लागलं नाही. ते तिच्या पाठीच्या कण्याला लहानपणापासून ठाऊक होतं, दादाच्या हातांपेक्षा जास्त.

खिडकीत बाबांचं डोकं दिसत होतं. जागे होते. चष्माही होता. तिनं गाठ आवळली, गिअर टाकला, टाकीपासून निघाली, अंग मागे टाकलं, हात ताणले आणि अंगठा दाबला – आणि तोंड उठलं, उठतच राहिलं, रस्ता दिसेनासा झाला, नुसतं हँडल आणि आभाळ, आणि मागे काही नाही, कुणी नाही, पाठीला फक्त वारा... बघा, बघा ना, बाबा... खिडकी डावीकडून सरकत गेली तरी ती वरच होती. शेड जवळ आलं तसा पाय आपोआप दाबला गेला आणि चाकं टेकली, धपकन नाही, बेतानं. क्रेट लावणारा माळी 'अरे वा' असं काहीतरी ओरडला. त्याचं तिला काय होतं!

बटणातून दोरी उपसून ती तशीच घरात शिरली. बूट काढायचे राहिलेच.

"पाहिलंत?"

"पाहिलं की." बाबांनी चष्मा काढला. "मागे कोण बसलं होतं?"

"कुणी नाही."

"असं कसं? कुणी नसताना तोंड उठतं होय?"

"मी उचललं, बाबा."

ते विचार करत राहिले. अगदी मनापासून, चेष्टा नव्हती, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"मागचे शॉकअप बसले असणार," ते म्हणाले. "म्हणून मागे कलते. दादाला सांगायला हवं. नाहीतर पडायचा बिचारा."

आता रडू येईल, असं तिला वाटलं. ती वाट बघत उभी राहिली. आलं नाही... मग राग तरी? तोही नाही. बाबा पुन्हा चष्मा लावून बाहेर बघत होते, रिकाम्या रस्त्याकडे.

"दोरी खिळ्याला लावलीस ना? उद्या दादा मागेल."

"लावली."

फासा मनगटातच होता, लाल वळणं मुठीत गच्च. बाबांशी इतकं सहज खोटं ती कधी बोलली नव्हती. उद्या दादाला काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. देईन, कदाचित देईनसुद्धा. पण आत काहीतरी उठत चाललं होतं, पाय सवयीनं ब्रेक शोधत होता, आणि हे बाबांनी पाहावं असं मला आता मुळीच वाटत नव्हतं.