काळ्या पडद्याच्या दोन बाजू

मी एक जुना काळा पडदा आहे. मित्रांनो, पडद्याला दोन बाजू असतात आणि त्या कधी एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणून माझी गोष्ट सलग नाही.

आतली बाजू

मला आईने शिवलं, जाड कापडाचे थर एकावर एक घालून. तिच्या मुलीला एक दुर्मीळ आजार आहे. ऊन लागलं की कातडी भाजते, फोड येतात. जुन्या देशात अशा घरांच्या खिडक्यांना काळेच पडदे असायचे. पडदा दिसला की ही माणसं एकमेकांकडे हक्काने यायची. तिथे माझं कोण कौतुक!

बाबांच्या नोकरीमुळे आम्ही या देशात आलो. इथे ओळखीचं कुणी नव्हतं. आईने आपल्यासारख्यांचा गट काढायचं ठरवलं. दवाखान्यात पत्रक लावलं. वाचनालयाचा हॉल फक्त रविवारी दुपारी मिळत होता, तो घेतला. मला खिडकीवर टांगलं.

"बाहेर पाटी नको का लावायला?" बाबांनी विचारलं.

"पडदा आहे की! आपली माणसं बरोबर ओळखतील."

खुर्च्या गोल मांडल्या. कुणी आलं नाही.

बाहेरची बाजू

दवाखान्यातलं पत्रक वाचून एक आजोबा आले, सोबत नात. ऊन लागू नये म्हणून तिने हातमोजे घातलेले, तोंडावर पारदर्शक मुखवटा. या देशात खिडकीच्या काचेलाही तसाच आरपार दिसणारा पातळ कागद लावतात. ऊन अडतं, उजेड येतो. काळा पडदा इथे कुणी लावत नाही.

"बंद दिसतंय गं," आजोबा म्हणाले.

"पडदे ओढलेत म्हणजे सुट्टीच असणार," समोरचा न्हावी म्हणाला.

"आबा, बघा ना जरा आत जाऊन!"

"उन्हात किती वेळ उभी राहशील? पुढच्या रविवारी येऊ."

मला हलायचं होतं. पण उजेडाची रेघही आत जाऊ नये म्हणून आईने माझ्या कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवल्या होत्या.

आतली बाजू

मुलगी रिकाम्या खुर्चीला म्हणायची, "काय काकू, आज उशीर?"

बाबा बारीक आवाज काढायचे, "काय करणार बाई, मेली बस चुकली!"

तिघं हसायची. पुढे पुढे बाबाच हसायचे. मग तेही नाही. मुलीला फक्त एक माणूस हवं होतं, ज्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

बाहेरची बाजू

आजोबा आणि नात पुन्हा आले. आजोबांनी काचेला कपाळ टेकवून पाहिलं. काळंच दिसलं.

नंतर एका रविवारी आजोबा एकटेच आले. त्यांच्या हातात नातीचे रिकामे हातमोजे होते. न्हाव्याने त्यांना बसायला खुर्ची दिली.

आतली बाजू

"आई, आता खुर्च्या नको मांडूस."

उन्हं उतरल्यावर आईने मला काढलं.

दोन्ही बाजू

तिने माझी गुंडाळी केली. गुंडाळीत आतली बाजू बाहेरच्या बाजूला चिकटते. तेव्हा कुठे एकीचं दुसरीला कळलं.

आता मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. घरातल्या खिडकीला माझा भाऊ आहे, तितकाच काळा. खाली मुलगी विचारते, "या देशात माझ्यासारखं कुणीच नाही का गं?"

"नाही गं, पाखरा," आई म्हणते.

मित्रांनो, मला तोंड नाही. तुम्हाला हात आहेत. खिडकी काळी दिसली, तर परत फिरण्याआधी एकदा दार वाजवा.