पाचवा दिवा उशिरा

अकोल्याच्या देवमनचं यंत्र म्हणजे एक लाकडी रूळ. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. पंख्याची जुनी मोटर तो हळूहळू फिरवी. पितळी बोटाखाली पट्टी आली की दिवा पेटे, लाकूड आलं की विझे.

पेटव. थांब. विझव. थांब.

सगळी मेख थांबण्यात. लाकूड कमी सोडलं तर दिवे नुसते थरथरत. जास्त सोडलं तर बघणारा निघून जाई. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून शेजारच्या कापसाच्या जिनाच्या ठोक्यांवर देवमननं पट्ट्या बसवल्या.

पाच दिवे ओळीनं पेटले तशी त्याची बायको पंचफुला हसत सुटली. ती त्याच जिनात कामाला.

"अवो, हा तं आपला जीन! मशिनीच्या पट्ट्याचा सांधा आला का पाचवा ठोका लंगडते. तुमचा दिवाबी लंगडते."

पेटव. थांब.

देवमनचा गावातला दोस्त सूर्यभान म्हणाला, "हे यंत्र मले दे. अमरावतीच्या टॉकीजवाल्या शेठले मिस्त्री पायजे. तुयं नाव सांगतो."

"सांगशीन ना?"

"अबे, नागपूरले दीक्षेले एका गाडीत गेलो आपुन!"

थांब.

थांब.

सूर्यभान यंत्र घेऊन गेला त्याला वीस दिवस झाले. देवमन एसटीनं अमरावतीला गेला. टॉकीजच्या कपाळावर एक, दोन, तीन, चार,

पाच.

खाली नव्या खाकी शर्टात सूर्यभान.

"कोन हाय रे हा?" शेठनं विचारलं.

"आमच्या गावचा. तारा धरते माया हाताखाली."

देवमन पुढे झाला. "शेठजी, पाचवा उशिरा काहून पेटते, विचारा त्याले."

सूर्यभान क्षणभरही थांबला नाही. "मुद्दाम ठेवलं. लोकाईचं ध्यान जाते."

"खोटं! तो आमच्या जिनाचा ठोका हाय. चाला अकोल्याले, आपल्या कानानं आयका."

शेठला गंमत वाटली. "सोमवारी सरकीसाठी येतोच हाय. खरं निघालं तं जागा तुयी."

विझव. थांब.

सोमवारी जिनाच्या फाटकाशी देवमन आणि शेठ उभे. पंचफुला बाहेर आली, केसांत रुई, तोंडावर हसू नाही.

"अवो, काल पट्टा बदलला. नवा कोरा, बिनसांध्याचा."

एक. दोन. तीन. चार. पाच.

एक. दोन. तीन. चार. पाच.

इतकी वर्षं लंगडलेला जीन आज सरळ चालत होता. शेठनं घड्याळ पाहिलं आणि सरकीकडे वळला.

देवमन तिथेच उभा. चौथ्या ठोक्यानंतर त्याचा श्वास अजून थांबत होता.