पंच्याऐंशीची लेन्स

अण्णांच्या जबड्याचं ऑपरेशन ठरलं, त्याच दिवशी सुयोगने मनाशी पक्कं केलं की त्याआधी वडिलांचा एक नीट फोटो काढायचा. डावीकडचा अर्धा जबडा जाणार, बोलणंही बहुतेक जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण आजारी माणसाचा फोटो काढायचा नसतो, असं परबांच्या घरात सगळेच मानत. नुसता कॅमेरा उचलला तरी कशासाठी, ते अण्णांना कळलं असतं. म्हणून निमित्त हवं होतं. नवी लेन्स हे बरं निमित्त होतं. लेन्स तपासायला कुणीतरी समोर बसावं लागतंच.

खरं तर कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या लेन्सनेही भागलं असतं. पण सुयोगला उत्तमच हवं होतं, आणि उत्तमाच्या नादात त्याच्यासारखी हुशार माणसंच माती खातात. पन्नास मिलिमीटरची की त्याहून जवळचं दाखवणारी पंच्याऐंशीची, यावर त्याने गणपतीपासून दसऱ्यापर्यंत काथ्याकूट केला. ऑफिसातून पंतनगरच्या घरी आला की जेवतानाही व्हिडिओ चालू. त्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर कुठलीही लेन्स दीडपट जवळचं दाखवते, हे त्याला तोंडपाठ होतं.

"पन्नासची घे ना," बायको म्हणाली. प्रांजलला फोटोतलं काही कळत नव्हतं, घरातलं कळत होतं. "पंच्याऐंशीला मागे कुठे सरकणार तू? शेजारच्यांच्या किचनमध्ये?"

"चेहरा तिच्यातच झकास येतो गं. सगळे तेच सांगतात."

सांगणाऱ्यांचे स्टुडिओ परबांच्या अख्ख्या मजल्याएवढे होते. ते काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

"घे रे सावकाश," अण्णा कॉटवरून म्हणाले. "माका खंय जावचा आसा?"

लेन्स आली त्या दिवशी अण्णांनी सकाळीच दाढी केली आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. त्यांना पहिल्यापासून सगळं कळलं होतं. "लेन्स तपासतंस मा?" ते म्हणाले. "तपास."

सुयोगला फोटो कमरेपर्यंतचा हवा होता, मांडीवरच्या हातांसकट. पण कॉट आणि कपाट यांच्यामधली जागा जेमतेम फोकस धरेल एवढीच. तो कपाटाला पाठ चिकटवून उभा राहिला, तरी चौकटीत डोळे आणि आजूबाजूचं थोडंसंच मावत होतं. त्याने तेवढंच काढलं. डोळे धारदार आले की लेन्स चांगली, असं सगळ्या व्हिडिओंत सांगतात. पापणीचा केस न् केस दिसत होता. तो खूश झाला.

"हे नुसतं ट्रायल हां," तो म्हणाला. "खरा फोटो रविवारी खाली कंपाउंडमध्ये काढू."

शुक्रवारी हॉस्पिटलमधून फोन आला. एक पेशंट आलाच नव्हता, त्याची वेळ अण्णांना मिळत होती; संध्याकाळपर्यंत दाखल व्हायचं होतं. असा नंबर पुढे आला तर कुणी नको म्हणत नाही. निघताना कॅमेऱ्याची आठवण कुणालाच झाली नाही, सुयोगलासुद्धा नाही.

अण्णा घरी आले तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू आत गेली होती, आणि शब्द फुटत नव्हता. बरेच दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग एका दुपारी त्यांनी कपाटावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

सुयोगला नाही म्हणता आलं नाही. त्याने फोटो उघडून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. पहिल्यात कपाळ, डोळे, नाक. अण्णांनी बटण दाबलं. पुन्हा कपाळ, डोळे, नाक. वरच्या ओठाशी फोटो संपत होता. पुढचाही तिथेच, त्याच्या पुढचाही तिथेच. ऑपरेशनने जबडा अर्धाच नेला होता, सुयोगने फोटोत तो आधीच अख्खा कापून टाकला होता. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं, पण त्या खोलीत मागे सरकायला जागा नव्हती.

फोटो संपले. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते पुन्हा पहिल्यापासून बटण दाबत राहिले, एकेका फोटोवर थांबून, दुसरा हात हनुवटीवरच्या पट्टीवर धरून.