दहा आठवड्यांचं वेळापत्रक

वेंडल क्राऊस सातवीच्या एकशेचाळीस मुलांना गणित शिकवायचा. त्यांच्या प्रगतिपुस्तकांत 'वेळेचं नियोजन सुधारण्यास वाव आहे' हा शेरा तो इतक्या सढळ हाताने लिही, की केल्टन गावातल्या निम्म्या आयांना तो पाठ होता. त्यामुळे मे महिन्यात त्याच्या बायकोने, मार्नीने, "मुलांना उन्हाळी शिबिरात घालू या का?" असं नुसतं विचारलं, तरी तो दुखावला.

"मी आहे ना घरी, चांगले दहा आठवडे," तो म्हणाला. "एकशेचाळीस सांभाळतो, दोन नाही सांभाळणार?"

मार्नी दातांच्या दवाखान्यात दात साफ करायचं काम करायची. रोज फ्लॉसच्या दोऱ्याने दातांच्या फटी साफ करतो म्हणणाऱ्यांपैकी खरंच किती करतात, हे तिला तोंड उघडल्या उघडल्या कळायचं. नवऱ्याच्या बाबतीत मात्र ती बोललेल्यावर विश्वास ठेवायची.

वेंडलने एका बैठकीत वेळापत्रक तयार केलं. हिरवा रंग म्हणजे बाहेर खेळणं, निळा म्हणजे वाचन, पिवळा म्हणजे घरकाम, आणि लाल म्हणजे टॅबलेट, तोही फक्त चार ते पाच. साडेसातला उठणं, आठला पलंग आवरणं, नऊ ते दहा वाचन, अकराला गावचा पोहण्याचा तलाव. एक ते दोन 'शांत वेळ'. या तासात मुलांनी काय करायचं ते लिहिलं नव्हतं, कारण तो तास वेंडलला स्वतःसाठी हवा होता. शाळेतल्या यंत्रावर त्याने कागद लॅमिनेट करून आणला आणि फ्रीजवर लावला.

"किती सुंदर झालंय! मलाच लहान व्हावंसं वाटतंय," मार्नी म्हणाली.

नऊ वर्षांच्या हॅडलीने तो वरपासून खालपर्यंत वाचला. "सू कधी करायची ते नाही लिहिलं."

"मी कधीही करणार," सहा वर्षांच्या गसने जाहीर केलं.

पहिला आठवडा वेळापत्रकाप्रमाणे गेला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे वेंडललासुद्धा ते खरं वाटेना. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी पाऊस आला, आणि हिरव्या तासाला मुलांचं काय करावं हे न सुचून त्याने 'पाऊस थांबेपर्यंत' म्हणून टॅबलेट काढून दिला. पाऊस अकराला थांबला. टॅबलेट जुलै उजाडला तरी चालूच होता.

मुलांनी त्याला जेरीस आणलं असतं, घर डोक्यावर घेतलं असतं, तर निदान चारचौघांत सांगण्यासारखं काही घडलं असतं. तसं काही घडलं नाही. मुलं गुणी होती. तो कंटाळला, एवढंच. खाली तळघरात गार असायचं आणि तिथे एक जुना सोफा होता.

मार्नी सव्वापाचला घरी यायची. साडेचारला वेंडल तळघरातून वर यायचा आणि तिघं मिळून दिवस तयार करायची. पलंग आवरायचे. टॅबलेट कपाटात. पोहायचे कपडे बागेतल्या नळाखाली भिजवून दोरीवर टाकायचे. गसला हा दिवसातला सगळ्यात मजेचा खेळ वाटायचा. तो स्वतःचे केसही भिजवून घ्यायचा, आणि त्याला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी वाचनालयाचा तक्ता भरायचा असे. उन्हाळी वाचनाचा उपक्रम होता: वीस मिनिटं वाचलं की मुलाने एक चांदणी रंगवायची आणि खाली पालकांनी सही करायची. वेंडल तळघराच्या पायरीवर बसून चांदण्या रंगवायचा.

"एकाच पेन्सिलीने नको ना, डॅड," हॅडली म्हणाली. "एकाच दिवशी केल्यासारखं दिसतं. आणि ही रेघेबाहेर गेलेली चालेल, माझ्या नेहमी बाहेर जातात."

वेंडल हसला होता. पोरगी हुशार आहे, असंही म्हणाला होता.

एवढ्यावर उन्हाळा सरला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. पण मार्नीने फ्रीजवरच्या कागदाचा फोटो गावातल्या आयांच्या फोनवरच्या गटात टाकला. खाली लिहिलं, 'माझा नवरा.' एकशे बारा जणींनी लाल बदाम टाकले. तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या मिस बेव्ह यांचा फोन आला: गुरुवारी संध्याकाळी पालकांसाठी 'झेपेल असा उन्हाळा' असा कार्यक्रम ठेवलाय, मिस्टर क्राऊस अर्धा तास बोलतील का?

फोन मार्नीने घेतला होता. "बोलेल की! त्याला आवडतं बोलायला," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघून अंगठा दाखवला.

वेंडलला त्या क्षणी सांगता आलं असतं. त्याने फक्त विचारलं, "प्रोजेक्टर आहे का त्यांच्याकडे?"

गुरुवारी सहाला वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये तीस घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मागे लेमोनेड आणि मार्शमेलोच्या वड्या होत्या. सगळ्या खुर्च्या भरल्या. मार्नी कामावरून परस्पर आली आणि गसला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. हॅडली बालवाचकांच्या रांगेत होती.

वेंडल चांगलं बोलला. हे त्याला स्वतःलाही कळत होतं आणि तेच वाईट होतं. हिरवा, निळा, पिवळा, लाल. लोक लिहून घेत होते. मागच्या एका बापाने विचारलं, "टॅबलेट काढून घेतल्यावर तुमची मुलं आरडाओरडा करत नाहीत?"

"सुरुवातीला केला," वेंडल म्हणाला. "मग सवय झाली."

मग डार्ला व्हिटकर उभी राहिली. तिला जुळी मुलं होती आणि कडेवर तिसरं. नवरा ट्रक चालवायचा, आठवड्यातून दोन दिवस घरी. "मी तुमचा फोटो बघून हुबेहूब तसंच केलं," ती म्हणाली. "रंगसुद्धा तेच. चार दिवस चाललं. मग मी दूध तापवत होते आणि त्या दोघांनी वेळापत्रक कुत्र्याला बांधलं." लोक हसले. ती हसली नाही. "म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे, असं मला वाटायला लागलंय. तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही सांगा. माझं काय चुकतंय?"

कडेवरचं मूल तिच्या कानातलं ओढत होतं. हॉलमधले सगळे वेंडलकडे बघत होते.

"सातत्य," वेंडल म्हणाला. "सातत्य ठेवायला हवं, एवढंच."

डार्लाने मान डोलावली आणि हातातल्या कागदावर तो शब्द लिहून घेतला.

शेवटी मिस बेव्ह उठल्या. चौथीत जाणाऱ्या मुलांमध्ये सर्वांत जास्त वाचन हॅडली क्राऊसचं, त्र्याण्णव चांदण्या, असं म्हणून त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि तिच्या फ्रॉकला निळी फीत लावली. "हॅडली, सगळ्यात जास्त आवडलेलं पुस्तक कुठलं?"

आता संपलं, असं वेंडलला वाटलं, आणि त्या वाटण्यात थोडी सुटकाही होती.

"ते पाणमांजराचं," हॅडली म्हणाली. "त्याची आई हरवते ते. मला मधे खूप रडू आलं म्हणून मी दोन दिवस बंद करून ठेवलं होतं. मग डॅड म्हणाला, आपण मिळून वाचू. शेवट नाही सांगत, नाहीतर तुम्ही वाचणार नाही."

हॉल भरून टाळ्या पडल्या. मार्नीने डोळे पुसले. हॅडली परत जाताना वेंडलच्या जवळून गेली आणि जाता जाता तिने त्याच्या हाताला हळूच कोपर लावलं.

मार्नी गसला घेऊन पुढे गेली. जाताना तिने आइस्क्रीम घ्यायचं ठरवलं होतं. हॅडली वेंडलच्या गाडीत बसली. उन्हं अजून होती. दोन चौक गेल्यावर ती म्हणाली, "मी नीट केलं ना? 'मिळून वाचू' ते मला ऐन वेळी सुचलं."

वेंडलने दिवा हिरवा असताना गाडी थांबवली. मागच्याने भोंगा वाजवला.

"आपण परत जातोय," तो म्हणाला.

"काही विसरलं?"

"मिस बेव्हना सांगायचंय. खरं काय ते."

हॅडलीने फीत हाताने झाकून घेतली.

हॉलमध्ये मिस बेव्ह खुर्च्या मिटत होत्या. डार्ला गुडघ्यांवर बसून टेबलाखाली एका जुळ्याचा बूट शोधत होती. डार्ला जाईपर्यंत थांबावं, असं वेंडलला वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दुसरा मंगळवार, पाऊस, तळघर, चांदण्या. बोलताना तो चांगला बोलत नव्हता, हे त्याला जरा बरं वाटलं. "आणि ते पुस्तक हॅडलीने वाचलेलं नाही," तो म्हणाला.

मिस बेव्हनी मिटलेली खुर्ची भिंतीला टेकवली. त्या हॅडलीकडे वळल्या. "पाणमांजराची आई हरवते, ते कुठून कळलं मग?"

"मागच्या पानावर लिहिलंय," हॅडली जमिनीकडे बघत म्हणाली.

"मागचं पान तरी वाचलंस."

डार्ला टेबलाखालून बाहेर आली. तिला आता हलकं वाटेल, ती हसेल, 'आमच्याकडेही तेच' म्हणेल, अशी वेंडलची कुठेतरी समजूत होती. डार्ला हसली नाही. हातातला लहानसा बूट तिने त्याच्यासमोर धरला, जणू तो पुरावा होता.

"तुम्ही मला सातत्य म्हणालात," ती म्हणाली. "तीस माणसांसमोर. मी ते लिहून घेतलं, मिस्टर क्राऊस."

"मला माफ..."

"नको. मला घरी जाऊन तिघांना आंघोळ घालायचीय." मुलाच्या पायात बूट अडकवून ती निघून गेली.

हॅडलीने स्वतःच फीत काढली. टाचणी तिच्या बोटाला लागली, पण ती ओरडली नाही. फीत टेबलावर ठेवून ती बापाच्या पुढे चालायला लागली.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "ते मी तुझ्यासाठी बोलले होते."

"माहीत आहे."

"मग माझं नाव का सांगितलंस? तुझं सांगायचं होतंस नुसतं."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आधीच सांगायला हवं होतं. तुला पुढे जायला लागायच्या आधी."

"हो," हॅडली म्हणाली, आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी चार वाट्या काढून मार्नी ओट्यापाशी उभी होती. "आले माझे वक्ते! दवाखान्यातल्या तिघींनी फोन केला मला," ती म्हणाली. "अगं, फीत कुठे गेली?"

वेंडलने चमचे बाजूला सारले आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला. आइस्क्रीम वितळत होतं आणि गस ते दोन वाट्यांतून खात होता. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मी रोज सव्वापाचला यायचे, आणि विचारायचे, आज काय काय केलंत. तेव्हा तुम्ही तिघं एकमेकांकडे बघायचात का?"

"नाही," वेंडल म्हणाला. तेवढ्याची गरजच पडत नसे.

मार्नी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला लागली. मग फडकं ठेवून ती वाकली आणि मुलीच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "हॅडली, मला तू सांग. जूनपासून एकतरी पुस्तक वाचलंस?"

हॅडलीने उत्तर देण्याआधी वेंडलकडे पाहिलं. कुठलं उत्तर हवंय, ते विचारायला. इतक्या सवयीने पाहिलं, की आपण पाहतोय हे तिलाही कळलं नसावं.

वेंडलने तिच्याकडे पाठ केली. सिंकपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला.

"नाही," हॅडली म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "अर्धं. पण ते मी स्वतः वाचलंय."