मावशींचा नकाशा आणि मी निळी गाडी

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मला कुणाची कीव नको आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी निळीशार होते. आजही बरीचशी निळीच आहे. थायलंडमधल्या मे होंग सोन गावच्या नुआन मावशींनी मला भाड्याने देण्यासाठी घेतले. त्यांचा जन्म रविवारचा, आणि रविवारच्या माणसाला निळा रंग लाभत नाही. म्हणून त्यांनी माझ्या मडगार्डवर चिठ्ठी डकवली, 'ही गाडी लाल आहे'. अवदसेला फसवायची आमच्याकडची ही रीत. मला मात्र त्या चिठ्ठीचा भारी राग यायचा.

वीस वर्षे मी डोंगर चढले. धबधबा, धुक्यातला बांबूचा पूल, वरची शान जमातीच्या लोकांची गावे, सगळे पाहुण्यांना दाखवले. परत आल्यावर पाहुणे माझी सीट थोपटायचे. मग बिनगिअरच्या नव्या स्कूटर आल्या आणि मला पत्र्याच्या शेडमध्ये ढकलले. मावशींचा भाचा थिती, दुकानाचा अर्धा कारभारी, त्याने माझे आरसे काढले, हॉर्नही काढला. एक दिवस त्याने विचारले, "मावशी, ही भंगारात देऊन टाकू या?" मावशी जरा थांबून "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता भंगारवाला येणार असे ठरले. येऊ दे मेल्याला, मी चाके जाम करून बसेन, असे मी मनाशी म्हटले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशींनी दुकानाला कुलूप घातले आणि मला बाहेर काढले. "सगळ्या जगाला फिरायला धाडलं, आणि मी मेलीने अजून धबधबा पाहिला नाही," असे पुटपुटत त्यांनी किक मारली. मी एका किकेत सुरू झाले. शेडमध्ये होते म्हणून काय मेले नव्हते!

घाटातल्या वळणावर डोंगराच्या राखणदार देवाचे छोटेसे लाकडी घर आहे. तिथे त्याला नमस्कार म्हणून हॉर्न वाजवल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. माझा हॉर्न तर थितीकडे. मावशींनी मला थांबवले, हात जोडले आणि तोंडानेच "पीं, पीं, पीं" केले. मागून गाडी घेऊन येणारा भाजीवाला हसत सुटला.

पुढे फाटा आला. मावशींकडे स्वतः काढलेला नकाशा होता. तोच त्या वीस वर्षे प्रत्येक गिऱ्हाइकाला देत आल्या होत्या. त्याप्रमाणे त्या उजवीकडे वळल्या. मी गचके दिले, बंदही पडून पाहिले, पण ऐकतात कुठल्या! रस्ता एका अंगणात संपला. बाजारात लसूण विकणारी नांग होम तिथे जुड्या बांधत होती.

"धबधबा ना? मागे फिरा, डावीकडे जा," ती वर न बघताच म्हणाली. मग तिने मान वर केली आणि धडपडत उठली. "अगं बाई, नुआन ताई, तुम्ही?"

"माझा नकाशा चुकलाय?"

"थोडासाच. वीस वर्षं सगळे इथेच येऊन वळतात. कोंबड्यासुद्धा आता आपणहून बाजूला होतात."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही मोठ्या. तोंडावर चूक कशी दाखवायची? वाईट वाटलं असतं तुम्हाला."

थितीला ठाऊक होते, भाजीवाल्याला ठाऊक होते, सगळ्या गावाला ठाऊक होते. मावशी अंगणात मटकन बसल्या. आधी लाजल्या, मग इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. नांग होमने त्यांना चिकट भात आणि मिरचीची चटणी खायला घातली. दुपारी आम्ही धबधब्यावर पोहोचलो. मावशी पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसल्या.

पाच वाजता दुकानासमोर भंगारवाल्याचा हातगाडा उभा होता.

"किती उशीर, मावशी! द्या चावी," थिती म्हणाला.

"नाही देणार."

"पण तुम्हीच तर बरं म्हणालात!"

"म्हणाले. तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले. मला ती विकायची नव्हती. कालही नव्हती, आजही नाही. आता वाटू दे वाईट."

भंगारवाल्याने रिकामाच गाडा वळवला.

मित्रांनो, मला हार घालू नका आणि कोपऱ्यात शोभेला तर मुळीच ठेवू नका. साखळीला तेल द्या, टायरात हवा भरा आणि मला चढावर न्या. आणि तुमच्या घरातले जुने काही कुणी टाकायला निघाले, तुमचे मन मात्र नको म्हणत असेल, तर भिडेखातर 'बरं' म्हणू नका. तेवढ्या एका शब्दापायी मी भंगारात जाणार होते.